हिरवी काच

आमच्या फाटकाला आता कुणी थांबत नाही.
रुळांमध्ये तरोट्याचं रान माजलंय,
स्लीपर लोकांनी चुलीत घातले,
गाडीची वेळ तेवढी माझ्या अंगात उरलीय.
दहा चाळीसला अजून मी खाटेवरून उठतो,
दाराशी जातो,
आणि काय करायचं ते न आठवून
पाणी पितो.

रविवारची उपासना दहाला असायची.
एस्तेर पुढे निघायची, पांढरं पातळ, डोक्यावर पदर.
मी मागून येऊन शेवटच्या दरीवर,
एक कान पाळकाकडे, एक रुळाकडे.
पापांगीकार होईतो उठून चालू लागायचो.
"तुमच्या आजोबांना मिशनच्या डॉक्टरणीनं वाचवलं,
त्यांनी बाप्तिस्मा घेतला.
तुम्ही काय घेतलं?" ती विचारायची.
मी म्हणायचो, पगार.

गाडी आधी बंद झाली.
एस्तेर त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी.
मुलगा सुरतेला आहे. फोन करतो,
"बाबा, इकडे या" म्हणतो, आणि मग
आम्ही दोघंही थोडा वेळ
रेंज गेल्यासारखे गप्प.

सुगीच्या सणाला मंडळी पहिलं पीक आणते.
वेदीपुढे तुरीच्या पेंढ्या, बोंडं फुटलेल्या पऱ्हाट्या,
कोहळं, अंडी, पाय बांधलेला एक रागीट कोंबडा.
मला शेत नाही. कधीच नव्हतं.
मी हातबत्ती नेली,
एका अंगाला तांबडी काच, एका अंगाला हिरवी,
साहेबानं परत मागितली नाही म्हणून माझी.
कोंबड्याशेजारी ठेवली
आणि लाज वाटली.

लिलाव झाला. कोहळं चार वेळा विकलं गेलं,
घेणारा पुन्हा दान करी, पुन्हा बोली.
बत्तीला कुणी बोलेना.
मग रिबकाबाई खंडारे,
जिला दिवेलागणीनंतर स्वतःचा हात दिसत नाही,
बायकांच्या बाजूनं ओरडली, "अकरा रुपये!"
पदराची गाठ सोडली, नाणी मोजली
आणि बत्ती माझ्याच मांडीवर आणून ठेवली.
"मले काय करा लागते इचं? तूच धर.
दोन वर्स झाले, बुधवारच्या प्रार्थनेले येनं नाही झालं.
तो डांबरी रोड रातच्यानं
पार होत नाही माह्यानं, बावा."

तर असं.
एकतीस वर्षं मी गाडीसाठी माणसं थांबवली,
बैलगाड्या, शाळेची पोरं,
एकदा तर अख्खी वरात, नवरा घोड्यावर घामाघूम.
आता बुधवारी साडेसातला
मी डांबरी रस्त्याच्या मधोमध उभा राहतो
आणि गिट्टीच्या ट्रकांना तांबडी दाखवतो.
शिव्या देतात, पण थांबतात.
मग हिरवी इकडे वळवतो:
रिबकाबाई, तिची नात,
पाळकाची बायको तान्ह्याला घेऊन,
पंक्चरवाला दानिएल,
आणि हल्ली आश्रमशाळेचा तो स्वयंपाकी,
जो आमच्यातला नाही, गाणी ऐकायला येतो,
आणि आमेन सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो.

घासलेट मिळत नाही.
जवसाचं तेल घालतो, काच काजळते,
सदऱ्याच्या टोकानं पुसतो.
"तेल पुरवून वापरजो," रिबकाबाई म्हणते
आणि सगळ्या बायका हसतात.
का हसतात ते कळायला
मला दोन बुधवार लागले.

विश्वास किती, हे पाळक विचारत नाहीत.
विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.
डोळे मिटले की अजून रूळच दिसतात,
लांब, उन्हात थरथरणारे.
पण कान आता दोन्ही आत असतात.

काल सगळे ओलांडून गेले.
रस्ता मोकळा, एकही ट्रक नाही,
तरी मी तिथंच उभा,
सवयीनं कुणाची तरी वाट बघत.
पलीकडून हाक आली,
"सारे आले ना, शांतवन! तू कवा येशीन?"

मी बत्ती फिरवली.
हिरवी स्वतःकडे केली
आणि निघालो.